किटलीतला फुत्कार

त्या रविवारी सकाळी आमच्या तिसऱ्या मजल्यावर इतकी गर्दी होती, की माझ्याच घराचं दार मला उघडता येईना. समोरच्या घरी चमत्कार व्हायचा होता. चमत्कार असला की आमच्या इमारतीत सगळ्यांना वेळ असतो. जिना झाडायची पाळी आली की मात्र सगळ्यांची कंबर धरते.

चमत्कार करणारे गृहस्थ स्वतःला जलयोगी म्हणवत. पांढरे कपडे, तीन अंगठ्या आणि हातात काचेची बाटली. बाटलीत ‘सिद्धजल’. ते त्या घरातल्या किटलीत ओतायचं. किटली फुसफुसली तर घरात बाधित माणूस आहे, गप्प राहिली तर घर शुद्ध. तळमजल्यावरच्या इसमाचं घर आदल्या दिवशी शुद्ध ठरलं होतं. हा इसम शेजाऱ्यांची वर्तमानपत्रं पळवतो हे सगळी इमारत जाणते, पण किटलीनेच दाखला दिल्यावर आपण कोण बोलणार?

समोरच्या घरातलं प्रकरण गंभीर होतं. अकरा महिन्यांपूर्वी तिथे सून आली आणि घरातली यंत्रं एकेक करून माना टाकू लागली. गिझरची कॉइल दोनदा जळली. कपडे धुवायचं मशीन पाणी तापवेना. इस्त्री शर्टांवर पांढरे कण थुंकायला लागली. सासूबाई दुष्ट नव्हत्या, घाबरल्या होत्या. घाबरलेल्या माणसाला कारण लागतं, आणि सून हे हाताशी असलेलं कारण होतं.

“या घरात नवीन कोण आलंय?” जलयोगींनी डोळे मिटून विचारलं. ही माहिती त्यांना तळमजल्यावर चहाबरोबर मिळाली होती, पण डोळे मिटले की चौकशीचा साक्षात्कार होतो.

सगळ्यांनी सुनेकडे पाहिलं. ती ओट्याला टेकून उभी होती, ओठ घट्ट मिटून.

जलयोगींनी बाटली तिरपी केली. किटलीतून फस्सऽऽ आवाज आला आणि पांढरा फेस वर चढला. बायका मागे सरकल्या, पुरुष बायकांच्या मागे.

“ऐकलात? हा बाधेचा फुत्कार!” जलयोगी गरजले. “पाणी सगळं जाणतं. पाणी कुणाची भीड ठेवत नाही.”

थोड्या वेळाने त्यांनी किटली रिकामी केली. तिचा पांढरट तळ आता आरशासारखा लखलखत होता. गर्दीतून “अगंबाई!” निघालं.

“हिला एकवीस दिवस माहेरी पाठवा.”

“आणि परत आल्यावर किटली पुन्हा फुसफुसली तर?” मी विचारलं.

“मग कायमचं,” ते म्हणाले. भाजीत मीठ कमी पडलंय म्हणावं, इतक्या सहज.

नवरा फरशीकडे बघत होता. फरशीवर बघण्यासारखं काहीच नव्हतं. सून आत गेली आणि बॅग घेऊन बाहेर आली.

“जरा वाट द्या,” मागून आवाज आला. मशीन दुरुस्त करायला आलेली मेकॅनिकबाई अर्धा तास बाथरूममध्ये बसून कंटाळली होती. तिच्या हातात मशीनची कॉइल होती. कॉइलवर बोटभर जाडीचा पांढरा थर.

तिने ओट्यावरची बाटली उचलून हुंगली.

“स्पर्श करू नकोस! सिद्धजल बाटेल!”

“बाटलं तर पुन्हा मंत्र म्हणा. तोंड आहेच की.”

ओट्यावर न्याहारीच्या अंड्यांची टरफलं पडली होती. बाईने ती चुरून ग्लासात टाकली आणि वर सिद्धजल ओतलं. फस्सऽऽ! तोच आवाज, तोच फेस.

“कोंबडीलाही बाधा झालेली दिसतेय,” ती म्हणाली. “तिलाही माहेरी पाठवायचं का?”

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. बाईने पिशवीतून पांढऱ्या पुडीतले खडे काढले, गरम पाण्यात विरघळवले आणि कॉइलवर ओतले. कॉइलही फुसफुसली.

“हे लिंबूसत्त्व, बाटलीतल्या पाण्यासारखंच आंबट. किराणा दुकानात मिळतं. तुमच्या पाण्यात चुना फार आहे. पाणी तापलं की तो भांड्याला आणि कॉइलला चिकटतो. थरामुळे कॉइलची उष्णता पाण्यात जात नाही, मग ती स्वतःच जळते. आंबट पाणी पडलं की चुना विरघळतो, वायू सुटतो, तोच हा आवाज. अंड्याचं टरफलही त्याच जातीचं. या घरात किटली दिवसातून किती वेळा लागते?”

“आठ-दहा,” सासूबाई पुटपुटल्या. “मला गरम पाणी लागतं ना.”

“आणि तळमजल्यावर? तिथली किटली गप्प राहिली, असं येताना ऐकलं.”

“माझी नवीन आहे,” शुद्ध इसम म्हणाला. “मंगळवारी आणली.”

“एवढा चुना बोअरच्या पाण्यात असतो. ते कधीपासून येतंय?”

सेक्रेटरींनी बोटं मोजली. “जुनी लाइन फुटली तेव्हापासून. म्हणजे... वर्ष होत आलं.”

मग चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी हळूच सांगितलं, “आमचाही गिझर दोनदा गेला.” “आमचं मशीन,” दुसरं कुणी म्हणालं. एकेक करून पाच घरं निघाली. बाधित ठरू या भीतीने सगळे गप्प होते. सेक्रेटरींनी खिशातून पेन काढलं आणि पाणी तपासून घेण्यासाठी नावं लिहायला घेतली.

जलयोगी “जिथे श्रद्धा नाही तिथे शक्ती टिकत नाही” असं काहीसं बोलत जिना उतरले. शक्ती नसूनही वेग चांगला होता.

“अगं, ती बॅग आत ठेव,” सासूबाई म्हणाल्या.

“ठेवीन,” सून म्हणाली. “पण आई, अकरा महिने मी तुमच्यासमोर वावरतेय. मी कशी आहे हे तुम्ही किटलीला विचारलंत.” मग ती नवऱ्याकडे वळली. “आणि तू तेही विचारलं नाहीस.”

सासूबाई स्टुलावर बसल्या. “चुकलंच माझं,” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. नवऱ्याने बॅग उचलायला हात पुढे केला. तिने ती सोडली नाही. स्वतःच उचलून आत नेली.

मला एवढंच सांगायचंय. यंत्र बिघडलं तर ते उघडून बघणाऱ्याला बोलवा. माणसाबद्दल शंका आली तर त्या माणसालाच विचारा. दोन्हीसाठी थोडा धीर लागतो, जलयोगी लागत नाही.