न्यायला येणारा

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत ती काचा घासायची. फ्रेमचं माप घ्यायचं आणि फिरत्या चाकावर, पाण्याच्या धारेखाली, काचेची कड उतरवत न्यायची. घरातलं शेंडेफळ म्हणून तिला सगळे बारकी म्हणत. दुकानातही तेच नाव चिकटलं. फ्रेमचे नमुने घेऊन दुकानोदुकानी फिरणारा विक्रेता तेवढा पहिल्या दिवशी तिला "अहो" म्हणाला, आणि ती तिथेच अर्धी विरघळली.

पहिले सहा महिने सुखाचे गेले. दुकान सुटलं की तो दाराशी स्कूटर घेऊन हजर. मग तो घरी येऊ लागला. बाबांच्या गुडघ्यासाठी त्याने डॉक्टर शोधला, आईचा गळका नळ नीट केला, ताईच्या मुलांचा अभ्यास घेतला. बघता बघता घर त्याचं झालं. आई बारकीच्या आधी त्याला वाढू लागली.

नेमकं काय बिनसलं ते बारकीलाही सांगता आलं नसतं. वाचनालयात जायचं म्हटलं की तो म्हणे, मी आणून देतो की पुस्तक. मैत्रिणीकडे गेली की हा खाली थांबे, सावकाश ये म्हणे, आणि ती दहाव्या मिनिटाला उठे. तो रागावत नसे, हीच खरी पंचाईत. रागावला असता तर भांडता तरी आलं असतं.

एकदा तिने ताईपाशी विषय काढला. त्याने केलं तरी काय, असं ताईने विचारलं. बारकीने पुष्कळ आठवून पाहिलं.

"काहीच नाही," ती म्हणाली.

ताईला हसू आलं. तिच्या नवऱ्याला लग्नाला नऊ वर्षं होऊनही तिच्या चपलेचं माप ठाऊक नव्हतं, आणि इथे हिला सुख टोचत होतं.

मग एका शनिवारी दुपारी मालकांनी तिला हात पुसून बाहेर बोलावलं. बाहेर गिऱ्हाइकांची गर्दी, आणि गर्दीत आई, बाबा, ताई. मधोमध तो, हातात अंगठी घेऊन. सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त तिला. नवा चष्मा लावून बसलेल्या एक आजी टाळी वाजवायला हात उचलून वाट पाहत होत्या. नाही म्हणायला तिथे जागाच नव्हती. ती हो म्हणाली. टाळ्या पडल्या.

चार दिवसांनी तिने त्याच्याकडे एकच मागितलं: एक आठवडा मी एकटी, बसने घरी जाते. तो लगेच कबूल झाला. सोमवारी ती खिडकीशी बसली, मुद्दाम दोन थांबे आधी उतरली, रमतगमत चालत गेली. कितीतरी दिवसांनी छातीभर श्वास घेतल्यासारखं वाटलं. गुरुवारी मागे पडलेलं एक दुकान बघायला ती वळली, तर झाडाखाली, इंजिन बंद करून, तो.

"चारही दिवस मागे होतास?"

"तुला कळू नये म्हणून लांब राहिलो," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, काळजीच होती. "काही झालं असतं म्हणजे?"

"मला तुझ्याशी लग्न नाही करायचं."

त्याने विचारलं, कुठे चुकलो ते सांग, मी सुधारतो. तो खरोखर सुधारेल, तिची नाराजीसुद्धा मन लावून पाठ करेल, हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचीच तिला धास्ती वाटली.

"दुकानात मी खोटं बोलले," ती म्हणाली. "ती चूक माझी."

तिने अंगठी पुढे केली. त्याने घेतली नाही. तुझं मन शांत होऊ दे, म्हणाला.

ती चालत घरी पोचली तोवर तो येऊन बसलेला. आई डोळे पुसत होती आणि तो तिची समजूत घालत होता, की बारकीला बोलू नका, दमली आहे ती. बारकी दारातच खिळली. क्षणभर वाटलं, मुकाट्याने आत जावं, हातपाय धुवावेत, सगळं परत जागच्या जागी बसेल.

"त्याने काही केलं का?" बाबांनी विचारलं.

"नाही, बाबा. तरी नको."

तिने अंगठी त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. त्याने ती उचलली आणि उद्या फोन करतो, असं आईला सांगत तो उठला.

"आता नको करूस," बाबा म्हणाले. आवाज हलका होता, पण तो त्याने ऐकला आणि गेला.

आई महिनाभर तिच्याशी कामापुरतं बोलली. दुकानात नमुने घेऊन दुसराच माणूस येऊ लागला. बारकीला मोकळं वाटायच्या आधी बरेच दिवस नुसती भीतीच वाटत राहिली. आपण एका भल्या माणसाचं वाईट केलं, असं मनात येई. पण पुन्हा कोणी विचारलं असतं, तर उत्तर तेच होतं.