वरच्या फळीवरचे डबे

निलंग्याहून लातूरला जाताना समोरून आलेल्या टेम्पोनं व्यंकटच्या गाडीला धडक दिली. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोचा, राजकन्येचा, उजवा खांदा निखळला आणि दंडाच्या हाडालाही चीर गेली. लातूरच्या डॉक्टरांनी खांदा बसवून हात गळ्यात बांधला. पट्टा सुटला की हळूहळू हात हलवायला लागा, असंही बजावलं. पण सासूबाई, सरस्वतीबाई, ऐकतील तर ना! त्यांनी सुनेला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. पट्टा सुटल्यावरही तिची वेणी त्याच घालायच्या, पाण्याचा तांब्याही उचलू द्यायच्या नाहीत.

त्या मायेनंच घात केला. दिवाळीच्या तोंडावर डॉक्टर म्हणाले, "हाड छान जुळलंय, पण खांदा आखडलाय. आता हात वर नेला नाहीत, तर कायमचा असाच राहील."

परतताना एसटीत राजकन्या सासूला एवढंच म्हणाली, "आत्या, औंदा येळवशीला बिंदगं सिंधूलाच द्या."

सरस्वतीबाईंच्या काळजात चर्र झालं. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, आंबिलीनं भरलेलं मातीचं बिंदगं डोक्यावर घ्यायचं आणि उजव्या हातानं सावरत, वाटेत कुठंही न टेकवता शेतात पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपर्यंत न्यायचं, हा या घरच्या थोरल्या सुनेचा मान. सिंधू ही राजकन्येची चुलतजाऊ. मान तिच्याकडे जायचा?

दुसऱ्या दिवशी सरस्वतीबाईंनी पाटावर पाट ठेवले आणि साखर, चहा, मीठ, तिखट, झाडून सगळे डबे वरच्या फळीवर चढवले.

"आत्या, माझा हात न्हाई पुरत तिथं."

"पुरंल. न्हाई पुरला तर चहा न्हाई."

डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे भिंतीवर बोटं चढवत राजकन्येनं दात आवळले. त्या दिवशी घरात चहा झाला नाही. सरस्वतीबाई मागच्या दारी जाऊन पदरात तोंड खुपसून रडल्या, पण डबे खाली आले नाहीत.

"मोडक्या हाताच्या सुनेला छळतीया म्हातारी," सिंधूनं गल्लीभर केलं. मायाळू सासू म्हणून मिरवणाऱ्या बाईला ते लई झोंबलं. तरी वापरलेले डबे त्या पाटावर चढून पुन्हा वरच ठेवत राहिल्या. पुढे मिठाचा डबा हाताला लागला, मग तिखटाचा. साखरेचा तेवढा आत सरकवलेला होता, तो सगळ्यात शेवटी.

येळवशीला राजकन्येनं बिंदगं डोक्यावर घेतलं. उजवा हात वर गेला, बांगड्या खळकन कोपराकडे घसरल्या. सरस्वतीबाईंनी मागून आधाराला हात पुढं केला आणि लगेच मागं घेतला. हरभऱ्याच्या बांधानं सून ताठ चालत होती, आणि सासूचा ऊर अभिमानानं भरून आला होता.

कोपीपाशी सिंधू उद्गारली, "अगं बया! गेला की वर हात!"

"जाणारच! सून कुणाची हाय?"

संध्याकाळी घरी आल्यावर सरस्वतीबाई हळूच म्हणाल्या, "पोरी, आता डबे तेवढे खाली काढ. पाटावर चढून चढून माझे गुडघे गेले."

राजकन्येनं हसत उजव्या हातानं एकेक डबा उतरवला. साखरेचा मात्र तिथंच ठेवला.

"ह्यो राहू द्या वर. साखर लागली की मला हाक मारा."