पाट्याची खालची बाजू

दगडावर कोरलेल्या सहा ओळी. चौथी अर्धी तुटलेली.

डाव्या हाताने दिलेली कॉफी आमच्या गल्लीत कुणी घेत नसे. माझ्या बहिणीच्या, तिब्लेत्सच्या हातची घेत.

जिबूतीच्या किनाऱ्यावरून सुटलेली एक होडी, चौपन्न माणसं.

सिमेंटचं अर्धं पोतं.

पाटा आमचा होता. एक बाजू सपाट दिसली म्हणून आजीने तो शेताच्या बांधातून उकरून आणलेला. त्यावर आधी आजीने भाकरीचं धान्य, टेफ, दळलं, मग आईने, मग तिब्लेत्सने. ती डावखुरी. जोर डावीकडून द्यायची, त्यामुळे पाट्याचा खळगा डावीकडे खोल गेला. टाकी लावताना आई करवादायची, "पाटा वाकडा केलास गं."

"पीठ सरळच पडतंय ना?" ती म्हणायची.

ती कामाला समुद्रापलीकडे निघाली. होडी पोचली नाही. पुरायलाही काही आलं नाही. तेव्हापासून आई पीठ गिरणीतून आणायची. रोज सकाळी त्या खळग्यात फक्त हात फिरवायची.

आमचं अक्सुम म्हणजे जुन्या राजांची राजधानी; इथे विहीर खणली तरी एखादा राजा लागतो. मी इथल्या संग्रहालयात मदतनीस आहे, मला तरी कळायला हवं होतं. एकदा सारवताना पाटा उलटा केला. खाली अक्षरं. मी धावत जाऊन साहेबांना सांगितलं.

अस्मेलाशसाहेब आमच्या चुलीपाशी गुडघ्यांवर बसून वाचत राहिले. "मावशी, सोळाशे वर्षांपूर्वीचा राजा बोलतोय हा. तुमच्याकडे पालथा पडला होता."

"पालथा होता म्हणून वाचला," आई म्हणाली. "तोंडावर दळलं असतं तर त्याचंच पीठ झालं असतं."

"आता तो देशाचा."

"न्या. पण माझी बाजू वर ठेवा."

"लोक अक्षरं बघायला येतात हो."

"मग उभा ठेवा. पुढून तुमचा राजा, मागून माझी पोर."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "किरोस बघेल ते."

"बघशील ना रे?"

"बघतो, आई."

नोंदीचा कागद:
दगडी लेख. ओळी सहा. मागची बाजू वापराने झिजलेली. नोंद घेण्यासारखं काही नाही.

अक्षर माझं आहे. मागच्या बाजूच्या रकान्यात कायम हेच लिहितात, मीही तेच लिहिलं. लिहिताना मला बहीण आठवलीही नाही. मी चार दिवस मेकेले शहराला गेलो होतो तेव्हा गवंड्याने तोच कागद साहेबांना वाचून दाखवला आणि दगड मागची बाजू आत करून सिमेंटने भिंतीत बसवला. पक्का.

आई चर्चला जाताना घेते ती पांढरी शाल पांघरून संग्रहालयात आली. दगडाच्या कडेला बोटं लावली. बोटं भिंतीला टेकली.

"मागे जायची वाट कुठून आहे?"

"नाहीये, आई."

रखवालदार म्हणाला, "आजी, हात नका लावू."

"नाही लावत. ही बाजू माझ्या ओळखीची नाही."

 मग तिने हळूच मला विचारलं, "काढला तर?"

"तुटेल."

"मग नको."

घरी पाट्याच्या जागी जमिनीत चौकोनी खूण राहिली आहे. आई अजून तिथेच बसते. मला जेवायला वाढते, कॉफीचा तिसरा, आशीर्वादाचा कपही देते. फक्त मी घरात असतो तेवढा वेळ तिचा हात त्या खुणेवर फिरत नाही.

तिब्लेत्स पहिल्यांदा पाट्याशी बसली तेव्हा आठ वर्षांची होती. आईने तिचा उजवा हात वरवंट्यावर पुढे ठेवला. तिने तो काढून डावा ठेवला.