शेवटचे आठ सेकंद

सकाळी सात. खारदांड्याची कोळीण जया बिल्डिंगवाल्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर रोजच्यासारखी बोलली: "आज सुरमई हाय, बोंबील ताजे. लवकर सांगा, मग नाय मिळालं म्हणून रडू नका!"

यंदा ती पालिकेच्या निवडणुकीला उभी होती. तिचे असे तीन वर्षांचे आवाज कुणीतरी गोळा केले होते. यंत्राला चारले होते.

पहिले नव्वद सेकंद

मोबाइलच्या पडद्यावर जयाचा चेहरा, जयाचाच सूर: "बोंबील सुकवायचं मैदान मी बिल्डरला कबूल केलंय. म्हाताऱ्या ओरडतील चार दिवस. मग गप होतील."

तिची नणंद विमला मोबाइल घेऊन शेजारी धावली. ती त्याच मैदानावर बोंबील सुकवायची.

"बघितलंस? माझी सख्खी वहिनी!"

"स्टेटसला टाक ना," शेजारीण जयंती म्हणाली. "गावाला कळू दे."

व्हिडिओ अठ्ठ्याण्णव सेकंदांचा. स्टेटसवर नव्वदच मावत होते. शेवटी नुसती काळी पाटी दिसत होती. विमलाने ती न वाचताच कापली.

दुपार

स्टेटस बघून गावातली माणसं धावून आली. आधी जयाचे बोंबील वाळत घालायचे बांबू मोडले. बोंबील पायाखाली चिरडले. मग जयाला केसांना धरून फरफटत आणलं.

"तो माझा आवाज नाय रे!"

"मग कुणाचा, माझ्या आयचा?" नंदू ओरडला. गेल्याच आठवड्यात तो तिच्या घरी जेवला होता.

जयाचा नवरा कुंडलिक मध्ये पडला. नंदूचं वल्हं त्याच्या डोक्यात बसलं. पुन्हा बसलं. तिसऱ्यांदा बसलं तेव्हा तो आधीच खाली होता, आणि तोंडातलं रक्त वाळूत जात होतं.

कोपऱ्यावर उभी विमला किंचाळली, "दादा!"

उरलेले आठ

पोलीस ठाण्यात साहेबांनी मूळ व्हिडिओ लावला. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं: हे दृश्य व आवाज यंत्राने तयार केले आहेत.

"नियमाप्रमाणे सूचना टाकलीये बनवणाऱ्यांनी," साहेब म्हणाले.

"मग माझा नवरा कुठल्या नियमात मेला?" जयाने विचारलं.

विमला भिंतीला टेकून खाली बसली. "पाटी मी कापली, वहिनी."

जयाने तिच्याकडे पाहिलं नाही.

तेराव्यानंतर

विमला सरकारला द्यायचा अर्ज घेऊन सह्यांसाठी दारोदार फिरली: *सूचना शेवटी नको. पहिल्या क्षणापासून चेहऱ्यावरच हवी.* प्रत्येक दारात तिने आधी स्वतःचा गुन्हा सांगितला. जयंतीने दार लावून घेतलं. पहिला अंगठा नंदूच्या आईने दिला.

जया आता ग्रुपवर बोलत नाही. माशांची पाटी डोक्यावर घेऊन बिल्डिंगचे जिने चढते. त्या मजल्यांवरही व्हिडिओ पोचला होता. पुढेही गेला होता. "जया, खरं का गं?" असं विचारायला एकाचाही फोन आला नव्हता.

"माझ्या तोंडाकडे बघा," ती दारात म्हणते. "मी बोलते हाय. मी."

दोन पायऱ्या खाली विमला उभी असते, हातात अर्ज. दोघी एकमेकींशी बोलत नाहीत.

पुढचं दार तुमचं आहे.