समुद्र अगदी पायाशी

धाकटीने एकच गोष्ट विचारली होती. एकच! "आईला घेऊन ग्रीसला जायचंय. असं बेट सांगा, असं हॉटेल सांगा, जिथे पायऱ्या नाहीत आणि वाळूवरून चालत सरळ पाण्यात जाता येईल." आता यात न कळण्यासारखं काय आहे? पण माणसाला सल्ला विचारा, तो तुम्हाला स्वतःची सहल सांगत बसतो. घरच्या ग्रुपवर मामीने लिहिलं, सूर्यास्त चुकवू नका. चुलतभावाने गॉगल लावलेले स्वतःचे फोटो टाकले, मागे कुठेतरी समुद्र असावा, पण तो त्याच्या खांद्यांनी झाकला होता. आतेबहीण म्हणाली, ग्रीस कशाला, त्यापेक्षा बाली बघ. त्यापेक्षा म्हणे! आईच्या गुडघ्यांबद्दल कुणी एक अक्षर काढेल तर शपथ.

धाकटी दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. डॉक्टर दाढ कोरायचे आणि ही पेशंटच्या तोंडातली थुंकी ओढणारी नळी धरून उभी राहायची. तिथेही तिने कुणाला सोडलं नाही. पेशंट खुर्चीत आडवा झाला की, "तुम्ही कधी ग्रीसला गेला होतात का हो?" एका बाईंनी अर्धी जीभ बधिर असताना "नाक्होह, नाक्होह" असं जीव तोडून सांगितलं. ते नाक्सोस नावाचं बेट आहे हे कळायला भूल उतरावी लागली. भूल उतरल्यावर बाईंनी नीट सांगितलं, लांबलचक सपाट वाळू, कितीही आत जा, पाणी कमरेच्या वर येत नाही. डॉक्टर वैतागले, "अहो, मला दात काढू द्या, मग बेटं काढा." पण धाकटीचं काम झालं होतं. तिने मनात नाक्सोस पक्कं केलं.

तेवढ्यात भावोजी मध्ये पडले.

भावोजी म्हणजे थोरलीचा नवरा. विम्याच्या कंपनीत दावे तपासायचे, त्यामुळे बोलताना प्रत्येक शब्द चिमटीत धरून ठेवायची सवय. ग्रीस ते दोनदा बघून आले होते आणि घरात ग्रीसवर शेवटचा शब्द त्यांचाच असे. त्यांनी फोन केला. "नाक्सोस वगैरे सोड. मी सांगतो ते हॉटेल घे. स्वच्छ, शांत, माणसं अदबशीर. आणि समुद्र अगदी पायाशी."

"नक्की ना भावोजी? अगदी पायाशी?"

"अगं, पायाशी म्हणजे पायाशी. बुकिंगचं मी बघतो, तू फक्त बॅगा भर."

तिने भरल्या. दोघींसाठी पोहण्याचे नवे कपडे घेतले, आईचा गुडघ्यापर्यंतचा, काळा. कारण तिला या सगळ्यातून एकच हवं होतं, आईने पुन्हा एकदा पाण्यात उतरावं. आईने सगळी हयात गावाच्या तरणतलावावर पोहायला शिकवण्यात घालवली होती. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून पोरं तिला शिट्टीबाईच म्हणत. जमिनीवर चारचौघींसारखी, पण पाण्यात उतरली की बाईचं वयच गळून जायचं. मग गुडघे गेले आणि दोन वर्षांपूर्वी अचानक तलावावर जाणंच बंद झालं. तेव्हापासून ती खिडकीशी बसून टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धा बघायची आणि हरणाऱ्यांवर चिडायची. धाकटीला ते बघवत नव्हतं.

तर, या दोघी विमानातून उतरल्या, टॅक्सीत बसल्या, आणि टॅक्सी चढायला लागली. वळणामागून वळण, वर, आणखी वर. हॉटेल आलं. पांढरंशुभ्र, निळ्या दारांचं, फोटोत होतं तसंच. स्वागताला आलेल्या मुलीने गच्चीचं दार उघडलं आणि कौतुकाने हात पुढे केला, बघा!

समुद्र पायाशीच होता. सरळ खाली, कड्याच्या तळाशी, इतका खाली की त्यावरची मोठी बोट चपलेएवढी दिसत होती. गच्चीच्या कठड्यापासून पायऱ्या निघाल्या होत्या, त्या कड्याच्या अंगाने वळत वळत उतरून दिसेनाशा झाल्या होत्या.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने बॅगा तिथेच टाकल्या.

"छान आहे की," आई खुर्चीत टेकत म्हणाली. "सगळा दिसतो."

"दिसतो! दिसण्यासाठी आलोय का आपण? टीव्हीवरही दिसतो!" तिने फोन काढला. भावोजींनी दुसऱ्याच घंटीला उचलला.

"पोचलात? कसं वाटलं?"

"लाज नाही वाटत तुम्हाला?" स्वागताची मुलगी हळूच दार लोटून निघून गेली. "आईचे गुडघे माहीत नाहीत तुम्हाला? जिना चढताना ती कशी रडकुंडीला येते ते बघितलं नाहीत? मी काय विचारलं होतं? पायऱ्या नकोत! आणि तुम्ही आम्हाला कड्यावर आणून बसवलंत?"

"मी पायाशी म्हणालो होतो. खाली बघ, पायाशीच आहे."

"शब्दांत पकडू नका मला! मी तुमचा विम्याचा दावा नाही! दोनदा ग्रीस बघून आलात म्हणून सगळ्यांना शहाणपण शिकवत फिरायचं, आणि समोरचा काय विचारतोय ते कानात शिरतच नाही तुमच्या. नाक्सोस ठरलं होतं माझं. ठरलं होतं! एका बाईने बधिर जिभेने मला तुमच्यापेक्षा नीट सांगितलं होतं!"

एरवी भावोजी एका वाक्याला तीन वाक्यं परत करणारे. पण या वेळी ते एवढंच म्हणाले, "हो. चुकलं माझं. तू बोल."

आता भावोजी आणि चूक कबूल? या माणसाने लग्नात स्वतःच्या हाताने हार तोडला तेव्हाही दोष फुलवाल्याला दिला होता. धाकटीने मान वळवली. आई कठड्यापलीकडे बघत होती, जरा जास्तच मन लावून.

"फोन ठेव," आई म्हणाली. "जावईबापूंना बोलू नकोस. मीच सांगितलं होतं त्यांना."

"काय सांगितलं होतंस?"

"पाण्यापासून लांब असेल असं हॉटेल बघा म्हणून."

धाकटीने फोन ठेवला. खरं तर आपटला. "आई, सहा महिने! सहा महिने मी लोकांच्या नाकदुऱ्या काढतेय. रजेसाठी डॉक्टरांशी भांडले. आणि तू मागच्या मागे त्यांना फोन करतेस? मला सांगायचं नाहीस?"

"तुला?" आई भडकलीच. शिट्टीशिवायही तिचा आवाज तलावाच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा होता. "तुला नाही म्हणायची सोय आहे का कुणाला? तू विचारलंस कधी, आई, तुला पाण्यात जायचंय का? ग्रुपवर माझ्या गुडघ्यांची पंचायत मांडलीस. मामीला विचारलंस, चुलतभावाला विचारलंस, ज्याच्या तोंडात नळी होती त्यालाही विचारलंस. मला सोडून गावाला विचारलंस!"

"पाण्यात तुझे गुडघे दुखत नाहीत, तूच म्हणायचीस!"

"नाही दुखत. आत जाईन गं मी. बाहेर कोण काढणार?" आईचा आवाज चिरकला. "तलावाची शिडी चढता येईना तेव्हा माझ्याच दोन पोरांनी मला काखेत हात घालून ओढून वर काढलं. मीच शिकवलेली पोरं. एवढा जमाव जमला. कपडे वर गेलेले, मी फरशीवर पालथी. त्यातला एक म्हणाला, बाई, घाबरू नका. मला म्हणाला! पुन्हा तसं ग्रीसमध्ये येऊन करून घेऊ? परक्या लोकांसमोर?"

हे धाकटीला माहीतच नव्हतं. घरी आई एवढंच म्हणाली होती, आता कंटाळा आला. आणि आपल्यापासून काही लपवलं की धाकटीला आणखी राग येतो.

"मी काढलं असतं बाहेर! मी होते ना!"

"तू?" आई हसली, आणि ते हसणं धाकटीला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. "तुला कुठे येतं पोहायला?"

"कुणामुळे येत नाही?" धाकटी किंचाळली. "सगळ्या गावाची पोरं शिकवलीस! शेजारणीच्या त्या लठ्ठ भाच्यालासुद्धा शिकवलंस! मी डबा घेऊन कठड्यावर बसायचे, केस कोरडे. आज नको, उद्या. उद्या गर्दी कमी असेल, उद्या. लोक हसायचे मला, शिट्टीबाईंची मुलगी आणि पोहता येत नाही. मला वाटायचं, मी आवडत नाही तुला. तुला काय वाटलं, हे सगळं तुझ्या गुडघ्यांसाठी चाललंय? मला जायचं होतं तुझ्याबरोबर पाण्यात! एकदा! तू अजून जाऊ शकतेस तोवर!"

गच्चीच्या कडेला बसलेल्या एका जोडप्याने आपापले ग्लास खाली ठेवले. भाषा कळत नव्हती, पण भांडण कुठल्याही भाषेत कळतं.

"दुसऱ्यांची पोरं सोडून देता येतात," आई म्हणाली. "पोटाखाली हात धरायचा, आणि पोर बेसावध असलं की हात काढून घ्यायचा. तसंच शिकतात. तुला दोनदा नेलं होतं, तू लहान होतीस, आठवणार नाही. हात निघेचना माझा. पोरं बघत होती. मग उद्या म्हटलं."

"हे सांगता आलं नाही तुला?"

"काय सांगणार? शिट्टीबाईला भीती वाटते म्हणून?" आईने नाक पुसलं, आणि लगेच तिचा नेहमीचा खेकसणारा आवाज परत आला. "आणि तुला तोंड नव्हतं का? पाण्यात जायचंय म्हणून सरळ सांगायचं, त्याला ग्रीस कशाला लागतं? तो काय, तिकडे तलाव आहे. जा, कपडे बदल."

तलाव कसला, गच्चीच्या कोपऱ्यात खणलेला मोठासा हौदच तो, शोभेचा, लोकांनी कडेला बसून फोटो काढावेत म्हणून. पाणी धाकटीच्या कमरेला लागत होतं. आई खुर्ची ओढून काठाशी आली, मग खुर्ची नको म्हणून काठावरच बसली, आणि पाय पाण्यात सोडले. तिचा नवा काळा पोशाख बॅगेतच राहिला.

"आडवी हो. तोंड खाली. खाली म्हणते ना! गुडघे कशाला मोडतेस, सायकल चालवतेयस का? पाय सरळ! एवढी मोठी बाई, दोन दात काढायला मदत करते, नाक बुडवायला घाबरते!"

"ओरडू नकोस माझ्यावर!"

"ओरडणारच. ओरडल्याशिवाय कुणी शिकलं नाही माझ्याकडे."

आईने वाकून तिचे दोन्ही हात धरले होते. धाकटी पाय मारत होती, पाणी जोडप्याच्या टेबलापर्यंत उडत होतं, आणि ते दोघे काही न बोलता उठून आत गेले. आईची बोटं घट्ट होती, नखं रुतत होती. मग एकदा धाकटीने डोकं खाली घातलं, आणि आईने बोटं सोडली. धाकटी बुडाली. पाणी नाकात गेलं, घशात गेलं. ती कशीबशी पाय टेकून उभी राहिली, खोकत, आणि तिथेच, कमरेएवढ्या पाण्यात, लहान मुलीसारखी हमसून रडायला लागली.

आईचे हात हवेत तसेच उघडे राहिले होते. तिने ते मांडीवर दाबून धरले.

"पाण्यात रडायचं नाही," ती दरडावून म्हणाली. "नाक चोंदतं आणि श्वास चुकतो. चल, पुन्हा."