रोहिणी म्हणून आलेली हाक

मयुरी थूल पुण्यात स्वतःचा रॉक बँड चालवत होती. गाणी तिचीच, वऱ्हाडीतली. बरीच वर्षं कॅफेतल्या मूठभर लोकांसमोर गायल्यावर एका दिग्दर्शकाने तिला वेब सिरीजमध्ये घेतलं. नवऱ्याला सोडून पळालेल्या रोहिणीचं ते काम गाजलं आणि बँडच्या कार्यक्रमांची तिकिटंही संपू लागली.

त्याच सुमारास तो माणूस दिसू लागला. पुणे, नाशिक, नागपूर, कुठेही असो, तो पहिल्या रांगेत उभा असे. टाळ्या वाजवत नसे. फोनवर त्याचे निरोप येत, ‘रोहिणी, घरी चल.’ मी रोहिणी नाही, असं तिने एकदा कळवलं, तेव्हा उत्तर आलं, ‘नवऱ्याशी खोटं बोलायचं नाही.’ एक नंबर ब्लॉक केला की दुसरा सुरू होई. ड्रम वाजवणारा रजत म्हणायचा, असतात असे चाहते, लक्ष देऊ नको.

मग वर्ध्यात एका कॉलेजच्या मैदानावर कार्यक्रम ठरला. दुपारी ती वर्ध्यालगतच्या सिंदी मेघे गावातल्या आपल्या घरी पोचली, तर तिचे वडील हरिदास फाटकातच हसत उभे होते.

“तुह्या शुटिंगमधले साहेब आले. मघापासून तुही वाट पाहून राह्यले.”

समोरच्या खोलीत तो बसला होता. आई, जिजाबाई, त्याला पोहे वाढत होती. भिंतीवरचा मयुरीचा लहानपणीचा फोटो काढून त्याने मांडीवर घेतला होता.

“रोहिणी, सामान भर,” तो शांतपणे म्हणाला.

ओरडावं तर बाबा त्याच्या अंगावर धावून जातील, आणि त्यांची बायपास नुकतीच झाली होती. त्याच्या पायाशी एक बॅग होती. तीत काय असेल, कोण जाणे. मयुरीने डोक्यावरून ओढणी घेतली, मान खाली घातली आणि सिरीजमधल्या त्या दबक्या आवाजात म्हणाली, “हो, भरते. तुम्ही पोहे संपवा.”

तो खूश झाला.

बाबांना तिने मिठाई आणायला पाठवलं, आईला आतल्या खोलीत नेऊन कडी लावली आणि आधी पोलिसांना, मग मैदानावर तयारीत असलेल्या रजतला फोन केला. झालं का, असं तो माणूस दाराबाहेरून विचारत राहिला. ती गोड बोलून उत्तर देत होती आणि सामान भरल्याचा आवाज व्हावा म्हणून कपाटाची दारं आपटत होती. रजतने बाबांना चौकातच थांबवून ठेवलं.

पोलीस आले तेव्हा त्याने झटापट केली नाही. बॅगेत नवी साडी आणि रेल्वेची दोन तिकिटं निघाली. जाताना तो दारातून म्हणाला, “तू हो म्हणालीस.”

जिजाबाईने पटकन दार लावून घेतलं. “काऊन हो म्हटलं त्याले? आता तो परत येईन.”

मयुरीलाही तीच भीती वाटत होती. त्याने कुणाला इजा केलेली नाही, त्याचा भाऊ न्यायला आला की समज देऊन त्याला सोडावं लागेल, असं पोलिसांनी आधीच सांगितलं होतं.

कार्यक्रम रद्द करू, असं रजत म्हणाला. तिने ऐकलं नाही. फक्त प्रेक्षकांवरचे दिवे शेवटपर्यंत चालू ठेवायला सांगितले. घरी थांबायला तयार नसलेले आईबाबा ड्रमच्या मागे खुर्च्या टाकून बसले. मयुरी एकेक चेहरा पाहत गायली. दोनदा आवाज फाटला, दोन्ही वेळा तिने कडवं पुन्हा घेतलं.

दुसऱ्या दिवशी आईबाबांना आंजी गावात मावशीकडे सोडून ती एकटीच पोलीस ठाण्यात गेली आणि फोनमधले सगळे निरोप पोलिसांपुढे ठेवले.