अज्जा, मिक्सर

आमच्या गल्लीत पूर्वी घरं होती, आता खोल्या आहेत. ज्याला जिना परवडला त्यानं मजला चढवला, मजल्याला खोल्या पाडल्या आणि खोल्यांत डॉक्टर व्हायला आलेली लेकरं कोंबली. हे तेच लातूर बरं का, ज्यानं भूकंपानंतर परत स्लॅबखाली झोपणार नाही म्हणून शपथा घेतल्या होत्या. शपथ विसरायला आम्हाला नीटचे चार चांगले निकाल पुरले.

एक माणूस तेवढा विसरला नाही. गुरुबसप्पा, गल्लीतल्या उमादेवीचे सासरे, सगळ्यांचे अप्पा. किल्लारीकडच्या गावात त्या पहाटे आधी फडताळातली भांडी वाजली होती. अप्पांनी मांजर असेल म्हणून कूस बदलली. मग दगडमातीची भिंत अंगावर आली. लोकांनी त्यांना उपसून काढलं तेव्हापासून अप्पा पक्क्या छताखाली झोपले नाहीत. परसात पत्र्याचं शेड, शेडमध्ये बाज. आणि मांजरावर आता विश्वास नाही, म्हणून फळीवर स्टीलच्या पेल्यांची उतरंड. पेल्यावर पेला उपडा आणि सगळ्यात वर तांब्या. जमीन हलली की तांब्या खालच्या पत्र्याच्या पेटीवर आदळणार आणि आवाज गल्लीच्या टोकाला जाणार. वरच्या मजल्यावर राहायला येणाऱ्या प्रत्येक पोरीला अप्पा पहिल्याच दिवशी ताकीद द्यायचे, "पेटी वाजली की पळायचं. पुस्तकं उचलायची न्हाईत."

अडचण एवढीच की ती फळी ज्या भिंतीला ठोकलेली, तिच्या पलीकडं उमादेवीचा ओटा, आणि ओट्यावर मिक्सर. मिक्सरचा एक पाय तुटलेला. चालू केला की तो ओट्यावर चालायला लागायचा, भिंतीला जाऊन भिडायचा आणि भिंत थरथरायची. त्यामुळं या घरात एक रीत पडून गेली होती. चटणी वाटायची असली की आधी आजोबांना हाक मारायची, "अज्जा, मिक्सर." अप्पा बाजेवरून उठणार, तांब्यावर हात ठेवणार आणि "हूं" म्हणणार. मग बटण दाबायचं. एवढी कडक शिस्त आमच्या महानगरपालिकेत असती तर आम्हाला रोज पाणी आलं असतं.

तर उमादेवीला ते शेड पाडायचं होतं. शेडच्या जागी तीन खोल्या. क्लासवाले संगमेश्वर सर म्हणाले होते, खोल्या बांधा, माझ्या पोरी वर्षभर तुमच्याकडंच ठेवतो. रविवारी सर जागा बघायला येणार होते. त्यांनी हो म्हटलं की सोमवारी पत्रे उतरणार आणि अप्पांची बाज आतल्या खोलीत, स्लॅबखाली जाणार. घर अप्पांच्या नावावर, पण या घरात नाव अप्पांचं आणि आवाज उमादेवीचा. नवरा बसवराज मार्केट यार्डात दुकान चालवतो आणि घरात फक्त जेवतो.

अप्पा एकदाच बोलले. "उमा, मला तिथं झोप लागत न्हाई."

"पंखा हाय की तिथं, अप्पा."

पंख्याचा आणि झोपेचा संबंध नाही हे तिलाही कळत होतं. पण पोरगी सुकन्या नीटला दुसऱ्यांदा बसलेली, तिची फीस भरून भरून बाई करपली होती. मी तिला दोष देत नाही. दोष द्यायचा तर मला लई लोक आहेत, यादी काढली तर गोष्ट राहून जाईल.

संगमेश्वर सरांची पाच वर्षांची सिद्धी नावाची मुलगी होती. ती दुधात टाकून खायच्या त्या रंगीत रिंगांशिवाय काहीच खात नाही, अशी बातमी उमादेवीनं काढली होती. लाल, पिवळ्या, हिरव्या, जांभळ्या रिंगा. त्याला लोक नाश्ता म्हणतात. आमच्याकडं असल्या रंगाचं काही जनावराच्या शिंगाला लावतात, पोटात घालत नाहीत. तर उमादेवीनं मॉलमधून डबा आणला आणि सुकन्यापुढं ठेवला.

"ह्याचं क्रीम करून केकवर लाव. पोरगी खूश झाली की बाप खूश."

"मला अभ्यास हाय, मम्मी."

"तुझ्याच अभ्यासासाठी चाललंय हे सगळं."

सुकन्यानं मोबाइलवर एका गोऱ्या बाईचा व्हिडिओ शोधून काढला. सोबतीला वर राहणारी उजमा, किनवट तालुक्यातल्या इस्लापूरची, ती पण दुसऱ्यांदा बसलेली. त्या बाईचं बटरक्रीम गुलाबी, मऊ, त्यात रंगाचे बारीक ठिपके. करायला सोपं म्हणाली. लोणी फेटा, पिठीसाखर घाला, रिंगांचा चुरा आणि थोडं दूध घाला, परत फेटा. गोऱ्या बाईच्या घरी लोणी पाकिटातून येत होतं. उमादेवीच्या घरी ते दह्यातून आलं होतं, आणि आंबट होतं.

शनिवारी सुकन्यानं ते गार पाण्यात धुतलं. चाखलं. परत धुतलं. उजमानं चाखून डोळे मिटले.

"ये तो अभी बी ताकाची बहीण हाय," उजमा म्हणाली.

रविवारी सकाळपर्यंत धुऊन धुऊन, फडक्यात पिळून पिळून लोण्याचा आंबटपणा गेला. केक कुकरमध्ये चांगला फुगला होता. राहिलं होतं क्रीम. आणि तेवढ्यात सर वेळेआधी आले. लेकरांना एक मिनिट उशीर झाला की उन्हात उभे करणारे लोक स्वतः कधी वेळेवर येत नाहीत, एक तर आधी नाही तर मग येतच नाहीत.

उमादेवी स्वयंपाकघरात धावत आली. "झालं का?"

"फेटायचंय अजून. अज्जाला हाक मारते."

"हाक मारायची न्हाई." तिनं आवाज दाबला. "सरांपुढं ओरडायलीस, अज्जा मिक्सर, अज्जा मिक्सर. काय म्हणतील, ह्या घरात येडे राहतात म्हणतील. मुकाट्यानं लाव."

"अन तांब्या?"

"तांब्याचं मी बघते," असं म्हणून ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेली. तांब्याचं तिनं काही बघितलं नाही.

अप्पांना बाहेरच्या खोलीत धुतलेला सदरा घालून सरांसमोर बसवलं होतं, घरमालक म्हणून. सिद्धी जमिनीवर बसून चपलेच्या बंदाशी खेळत होती. सर शेडकडच्या खिडकीतून बघत सांगत होते, "आरसीसीच करा. पालक आधी बिल्डिंग विचारतात, मग रिझल्ट."

आत सुकन्यानं मिक्सरच्या भांड्यात रिंगा ओतल्या. उजमानं मिक्सर दोन्ही हातांनी धरला. बटण दाबलं.

भिंत थरथरली. अप्पांची मान वळली. आपसूक उठायला लागले ते. उमादेवीनं डोळे वटारले. अप्पा खाली बसले. बघा, जो माणूस पृथ्वीला घाबरून इतकी वर्षं बाजेवर झोपला, तो सुनेच्या डोळ्यांना घाबरून खुर्चीवर बसला.

आत रिंगांचा चुरा झाला. सुकन्यानं झाकण काढलं आणि दोघी बघत राहिल्या. लाल गेला, हिरवा गेला, जांभळा गेला. भांड्यात उरली ती राख.

"सुकन्या, त्या बाईनं चुरा हातानं केलता गे," उजमा म्हणाली. "आपण पीठ केलं."

"लोणी पांढरं हाय. उजळेल."

लोणी घातलं, साखर घातली, दूध घातलं आणि परत बटण दाबलं. आता हे चटणीसारखं दोन फेऱ्यांचं काम नव्हतं. पांढरं फटक होईस्तोवर फेटा, असं बाईनं सांगितलं होतं, आणि हे काही पांढरं होत नव्हतं. सुकन्या फेटतच राहिली. राखेचा रंग लोण्याला लागला आणि लोणी राखाडी झालं, गुळगुळीत, चकचकीत राखाडी. उजमाच्या हाताला घाम आला. मिक्सर निसटला, लंगडत लंगडत ओट्याच्या कडेनं गेला आणि भिंतीला भिडला.

पलीकडं तांब्या पेटीवर पडला. त्याच्यामागं सगळे पेले.

तो आवाज मी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकला. वरच्या पोरी जिन्यावरून धडाधड उतरल्या, अप्पांच्या शिकवणीप्रमाणं एकीनंही पुस्तक उचललं नव्हतं. समोरच्या घरातल्या पोरी त्यांना बघून निघाल्या. शेजारचे त्या पोरींना बघून निघाले. मी पण पळालो, खोटं कशाला सांगू, एका हातात दाढीचा ब्रश होता.

पण सगळ्यांत पुढं संगमेश्वर सर होते. कप हातातून सुटायच्या आधी त्यांनी सिद्धीला काखेत मारलं होतं. खिडकीची उंची त्यांनी बघितलीच नाही. आरसीसीचे फायदे सांगणारा माणूस खिडकीतून परसात पडला, उठला आणि सरळ पत्र्याच्या शेडमध्ये शिरून बाजेवर पाय वर घेऊन बसला.

घरात एकटे अप्पा शांत बसले होते. उमादेवी दारात उभी, ट्रे वाकडा.

"मिक्सर हाय," अप्पा म्हणाले. "मी उठलो असतो, उमा."

मग ते काठी घेऊन सावकाश परसात आले. परसात पोरींची गर्दी. सर बाजेवर, घामानं ओले, पोरीला छातीशी धरलेले.

"सर, उतरा खाली. मिक्सर होता," अप्पा म्हणाले.

"असू द्या. इथंच बरं वाटायलंय." सरांची पुण्याकडची भाषा खिडकीतच राहिली होती. "अप्पा, आमचं गाव पण गेलं त्यात. पाचवी ते दहावी मी पत्र्याच्या शेडमध्ये शिकलो. चार मजले बांधले मी, खरं सांगतो, अजून झोपायला गच्चीवर पत्र्याखाली जातो. बायकोला म्हणतो, वारा छान येतो."

उमादेवीनं हे ऐकलं. हातातला वाकडा ट्रे तिनं सरळ केला.

तेवढ्यात सुकन्या घाबरून क्रीमचं भांडं तसंच घेऊन बाहेर आली आणि अज्जापुढं धरलं. "अज्जा, बघा ना, सगळं राख झालं."

अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोर राखाडी दिसलं, राख हा शब्द कानावर आला, समोर घाबरलेलं माणूस बसलेलं. आता लिंगायत घरात अशा वेळी जे करतात तेच त्यांनी केलं. तीन बोटं बुडवली आणि आधी आपल्या कपाळावर ओढली. मग सरांकडं वळले. सरांनी टोपी काढल्यासारखं डोकं पुढं केलं. "शिव शिव, काही न्हाई होत," म्हणत अप्पांनी सरांच्या कपाळावर पण बटरक्रीमच्या तीन जाड रेघा ओढल्या.

कुणी हसलं नाही. उजमानं तोंडात ओढणी कोंबली होती.

उन्हानं लोणी पातळ झालं. एक रेघ सरांच्या नाकावरून खाली आली. सिद्धीनं ती बोटानं पुसली, तोंडात घातली आणि थांबली.

"पप्पा, तुम्ही रिंगांचे झालाय."

मग तिनं बापाचं कपाळ चाटायला घेतलं. सरांनी पण ओठावरचं चाखलं. अप्पांनी बोट चाखलं. "विभूती गोड कशी," म्हणाले, पण पुसली नाही.

सर पत्र्याकडं बघत होते. क्लासवाल्याच्या डोक्यात भीती फार वेळ राहत नाही, तिथं लगेच फ्लेक्स छापायला लागतो.

"ताई, हे पाडू नका," ते उमादेवीला म्हणाले. "खोल्या नकोत मला. इथं टेबलं टाकू. पोरी दिवसभर इथं अभ्यास करतील. भूकंपरोधक अभ्यासिका. लातुरात कुणाकडंच न्हाई. भाडं तेच देतो."

"अन अप्पांची बाज?" उमादेवीनं विचारलं. पहिल्यांदा तिनंच विचारलं.

"बाज पाहिजेच की. पेले पण पाहिजेत. चोवीस तास सूचना यंत्रणा लिहितो."

"यंत्रणा म्हणजे मी का तांब्या?" अप्पा म्हणाले.

"दोघं."

अप्पांनी पोरींच्या गर्दीकडं बघितलं. एवढ्या पोरी वर्षभर कानाशी रसायनशास्त्र घोकणार, ही काही साधी गोष्ट नव्हे. मग त्यांनी वर बघितलं. पत्रा होता तिथंच होता.

"चालतंय," म्हणाले, आणि कपाळावर राखाडी क्रीम तसंच ठेवून उतरंड रचायला वाकले. पोरींनी पेले शोधून दिले. एक बाजेखाली सापडला, एक पेरूच्या आळ्यात. पेल्यावर पेला चढला. तांब्या सापडेना.

तांब्या सिद्धीजवळ होता. तिनं भांड्यातलं सगळं क्रीम त्यात ओतून घेतलं होतं आणि कोपरापर्यंत हात घालून खात होती.

"तांब्या दे, माय," अप्पा म्हणाले.

"संपल्यावर."

अप्पा तिच्याशेजारी बाजेवर टेकले. आतून उमादेवीनं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज दिला, "अप्पा, मिक्सर धुवायलेव, लावत न्हाई."

"हूं," अप्पा म्हणाले.